बिरुदाचे वय : ठोमरे यांची कविता आणि ‘बालकवी’ हे नाव

आधुनिक मराठी कवितेच्या पहिल्या पर्वात टोपणनावांना एक वेगळे महत्त्व आहे. कृष्णाजी केशव दामले वडिलांच्या नावावरून ‘केशवसुत’ झाले. राम गणेश गडकरी धाकट्या भावाच्या नावावरून ‘गोविंदाग्रज’ झाले. ही नावे नात्याची आहेत आणि कवींनी ती आपण होऊन धारण केलेली आहेत. त्र्यंबक बापूजी ठोमरे यांचे नाव या मालिकेत बसत नाही. ते त्यांनी घेतले नाही. ते त्यांना ठेवले गेले. मराठीत ‘नाव ठेवणे’ आणि ‘नावे ठेवणे’ यांत एका अनेकवचनाचेच काय ते अंतर आहे, ही गोष्ट या संदर्भात आठवल्यावाचून राहत नाही.

घटना परिचित आहे. १९०७ साली जळगावला डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर यांच्या अध्यक्षतेखाली कविसंमेलन भरले. त्यात धरणगावी १८९० साली जन्मलेल्या एका मुलाने कविता म्हटली आणि तिने भारावलेल्या अध्यक्षांनी त्याला ‘बालकवी’ म्हटले. मुलगा तेव्हा जेमतेम सतरा वर्षांचा होता. कीर्तिकर हे वैद्यक आणि वनस्पतिशास्त्र यांचे जाणकार. भारतातील औषधी वनस्पतींवरील त्यांचे काम सुप्रसिद्ध आहे. वनस्पतीला नाव देताना एक नमुना पुरतो, कारण ती जात पुढेही तीच राहणार असते. सतरा वर्षांच्या मुलाविषयी असे काहीच सांगता येत नाही. तरीही सभेत कौतुकाने उच्चारलेला शब्द कायमचा ठरला. ठोमरे ५ मे १९१८ रोजी भादलीच्या स्थानकाजवळ रेल्वेखाली सापडून गेले तेव्हा ते सत्तावीस वर्षांचे होते आणि ‘बालकवी’च होते. आज त्यांच्या निधनाला शतक उलटून गेले आहे. नाव तेच आहे.

लहान वयातील प्रतिभेला असे नाव मिळाले की काय घडते, हा प्रश्न मानसशास्त्राने पुष्कळ हाताळला आहे. कॅलिफोर्नियात लुईस टर्मन यांनी १९२१ पासून सुमारे दीड हजार ‘प्रतिभावान’ मुले निवडून आयुष्यभर त्यांचा माग ठेवण्याचा उद्योग आरंभला. त्यांच्या चाचणीत न बसलेला विल्यम शॉकली पुढे नोबेल पारितोषिकाचा मानकरी झाला, हा त्या उद्योगावरचा नियतीचा शेरा होय. पुढे १९९८ साली क्लॉडिया म्युलर आणि कॅरोल ड्वेक यांनी दहा-अकरा वर्षांच्या मुलांवरील प्रयोगांतून दाखवले की, ‘तू हुशार आहेस’ अशी स्तुती झालेली मुले नंतर अवघड कामापेक्षा सोपे, हुशारी शाबूत ठेवणारे काम निवडतात आणि अपयश आले की प्रयत्नांची स्तुती झालेल्या मुलांपेक्षा लवकर खचतात. या निष्कर्षांची व्याप्ती किती, याविषयी पुढे मतभेद झाले. तथापि त्यातील एक सूत्र साहित्यविचाराला उपयोगी आहे: बिरुद ही पारख वाटली तरी प्रत्यक्षात ती अपेक्षा असते, आणि ज्याला ते मिळते त्याला ते राखावे लागते.

‘बालकवी’ हे बिरुद राखायचे म्हणजे बालच राहायचे. इतर कोणत्याही गौरवात अशी अट नसते. परंपरेने विशीच्या आतच ‘भावार्थदीपिका’ रचल्याचे मानलेल्या ज्ञानदेवांना मराठी समाजाने ‘बाल’ म्हटले नाही. त्यांना ‘माउली’ केले, म्हणजे वयाचा हिशेबच पुसून टाकला. ठोमरे यांच्या बाबतीत नेमके उलटे झाले. वय हाच त्यांचा गुण ठरला.

या नावाचा त्यांच्या मनावर काय परिणाम झाला, हे ठरवण्याचा मोह टाळावा. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’त ठोमरे टिळकांच्या घरातलेच एक मूल होऊन वावरतात, परंतु घरातले मूलपण नात्याने आलेले असते आणि नात्याबरोबर ते बदलतेही. सभेने दिलेले मूलपण छापले जाते. तसेच त्यांच्या अपघाती मृत्यूत कवितेचा अर्थ शोधण्याची प्रवृत्तीही समीक्षेला शोभणारी नाही. पुरावा एकच, तो म्हणजे कविता. आणि परिणाम निश्चितपणे दिसतो तो वाचकांवर.

‘फुलराणी’ हे याचे सर्वांत बोलके उदाहरण. पाठ्यपुस्तकांनी आणि स्नेहसंमेलनांनी या कवितेला मुलांचे निसर्गगीत करून टाकले आहे. कवितेत प्रत्यक्षात काय घडते? गवतावर खेळणारी एक निष्पाप कळी आहे; प्रणयाची भाषा तिला ठाऊक नाही, हे कवी आरंभीच सांगतो. मग संध्याकाळचा थट्टेखोर वारा तिला छेडतो, ती लाजते, रात्र अस्वस्थतेत आणि स्वप्नात जाते आणि पहाटे सूर्यकिरणाशी तिचे लग्न लागते. ही बाल्याची कविता नाही. बाल्य संपण्याची आहे. एका रात्रीत घडणारे वयात येणे हा तिचा विषय आहे, आणि सगळी सृष्टी वऱ्हाडी होऊन त्या घटनेला साक्ष राहते. कोवळ्या वयातील कवीने कोवळ्या वयाचेच हे सूक्ष्म चित्र काढावे यात आश्चर्य काही नाही. आश्चर्य आहे ते वाचकांच्या पिढ्यांनी ते न पाहिल्याचे. कवीच्या नावातील ‘बाल’ कवितेच्या आधी वाचले गेले आणि वारा, कळी, किरण हे सारे खेळण्यांच्या दुकानात जाऊन बसले.

‘निर्झरास’ या कवितेविषयीही असेच म्हणता येईल. झऱ्याला कवी लहान मुलासारखी लाडाने हाक मारतो, त्याच्या मुक्त गाण्याने भारावतो आणि ती कला मला शिकव अशी विनवणी करतो. बाल्याची एवढी आर्जवाने शिकवणी मागणारा स्वतः बालक असू शकत नाही. मुलाला खेळ शिकावा लागत नाही. ज्याच्या हातून तो निसटतो आहे, त्यालाच तो विद्येसारखा दिसू लागतो. म्हणजे ज्या कवितेचा बिरुदाच्या समर्थनार्थ सर्वांत सहज दाखला दिला जाईल, तीच कविता बिरुदापासूनचे अंतर मोजते आहे.

याचा अर्थ बिरुद सर्वस्वी खोटे होते असा नव्हे. ‘आनंदी आनंद गडे’ किंवा श्रावणावरील कवितेतले विस्मयाचे नवेपण कमावलेले वाटत नाही. कीर्तिकरांच्या कानाला जे ऐकू आले ते होतेच. चूक ऐकण्यात नव्हती. जे ऐकले त्यावर मोहोर उठवून पुढचे ऐकणे बंद करण्यात होती, आणि ती एकट्या अध्यक्षांची नव्हे.

कारण पुढचे पुष्कळ होते. ‘पारवा’मधील पडक्या धर्मशाळेच्या कौलारावरचा तो उदास पक्षी, ‘खेड्यातील रात्र’मधील ओसाड देवळाभोवती दाटलेला अंधार, कोठून येते ते न कळणाऱ्या खिन्नतेवरच्या कविता, हा ठोमरे यांच्या काव्याचा दुसरा अर्धा भाग आहे. रूढ मांडणी अशी की, आनंदाचा कवी पुढे निराशेकडे वळला. ‘वळला’ या क्रियापदातच बिरुदाचा अंमल दिसतो. आनंद हा मुक्काम आणि विषाद ही वाट चुकणे, असे त्यात गृहीत धरलेले असते. बिरुद बाजूला ठेवले तर ही दोन दालने राहत नाहीत. एकाच संवेदनेचे दोन श्वास दिसतात. सृष्टी इतकी जिवंत भासणाऱ्या मनाला तिचे रितेपणही तितकेच अंगावर येणार. मराठी कवितेने हे समीक्षेच्या आधी ओळखले असावे. १९३९ सालच्या ‘शिशिरागम’मध्ये मर्ढेकरांवर ठोमरे यांची जी छाया जाणवते, ती फुलाकिरणांपेक्षा पानगळीच्या बाजूची आहे.

‘औदुंबर’विषयी झालेला दीर्घ वादही या दृष्टीने पुन्हा पाहता येतो. आठ ओळींची ती कविता निव्वळ निसर्गचित्र आहे की औदुंबर हे विरक्तीचे, मृत्यूचे, तटस्थ साक्षित्वाचे प्रतीक आहे, यावर मराठी समीक्षकांनी आपली शक्ती खर्चली. दोन्ही पक्षांना अडचण होती ती बहुधा एकच. चित्र म्हणावे तर हिरव्या शेतांतून निघालेली पांढरी पायवाट नेमकी काळ्या डोहापाशीच का पोचते, हे सांगता येईना. प्रतीक म्हणावे तर एवढे गंभीर तत्त्वज्ञान ‘बाल’ कवीच्या पदरात घालताना संकोच होई. त्यामुळे कवितेतील सर्वांत साधी गोष्ट बाजूला पडली. डोहाच्या काठी ते झाड पाण्यात पाय सोडून बसले आहे. ही बसण्याची रीत मुलाची आहे. जुनाट, सावलीने पाणी झाकोळून टाकणारा वृक्ष आणि नदीकाठी पाय बुडवून बसलेले पोर, ही दोन वये त्या एका आकृतीत एकत्र आली आहेत आणि कवीने त्यांच्यात निवड केलेली नाही. पाय कोवळ्या खेळकरपणाने सोडलेले आहेत, पण ते ज्या पाण्यात आहेत ते काळे आहे.