आयरिश कला

आयर्लंडमधील दृश्यकला व हस्तव्यवसाय यांची परंपरा सु. पाच हजार वर्षांची आहे. ‘केल्टिक कला’ या नावाने ती सरसकट ओळखली जात असली, तरी ते नाव तिच्या काही कालखंडांनाच लागू पडते. मीथ परगण्यातील न्यूग्रेंज येथील दफनवास्तूच्या (सु. इ. स. पू. ३२००) प्रवेशशिलेवरील सर्पिले ला तेन या केल्टिक शैलीच्या उदयापूर्वी सु. अडीच हजार वर्षे कोरली गेली. पण स्मरणवस्तूंच्या दुकानांतून तीही ‘केल्टिक’ म्हणूनच विकली जातात. बाहेरून आलेले आकृतिबंध स्वीकारून त्यांना आपल्या रेषेचे वळण देणे, हे या परंपरेचे खरे लक्षण होय.

ब्राँझयुगातील सुवर्णकारांनी चंद्रकोरीच्या आकाराची, पातळ पत्र्याची कंठभूषणे घडविली. लोहयुगात यूरोप खंडातून ला तेन शैली आली. गॉलवे परगण्यातील ट्यूरो येथील शिळेवरील वक्ररेषांत आकृती कोणती व पार्श्वभूमी कोणती, हे ठरविणे अवघड जाते. आयर्लंड रोमन साम्राज्यात कधीच समाविष्ट झाले नाही. त्यामुळे अन्यत्र रोमन अभिरुचीने मागे सारलेली ही रेषा येथे टिकून राहिली आणि पाचव्या शतकापासून रुजलेल्या ख्रिस्ती मठांना ती आयतीच लाभली.

आठवे शतक हा या कलेचा परमोत्कर्षाचा काळ. आर्डा येथे १८६८ मध्ये सापडलेला रौप्यचषक साडेतीनशेहून अधिक भागांचा जोडून बनविलेला आहे. त्याच्या कडेवर सोन्याचे तारकाम व काचेची बोंडे आहेतच. पण बैठकीच्या तळाशीही स्फटिकाभोवती तितकेच सूक्ष्म अलंकरण आहे. चषक उचलला गेला तरच ते दिसते. तथाकथित ‘टारा’ पदकाची मागील बाजूही अशीच नटविलेली आहे. अलंकरण केवळ पाहणाऱ्यासाठी नसते, ही धारणा त्यामागे असावी. सु. ८०० मधील बुक ऑफ केल्स या हस्तलिखिताचेही असेच आहे. वासराच्या कातड्यावरील या ग्रंथात ख्रिस्तनामाच्या आद्याक्षरांनी एक सबंध पृष्ठ व्यापले असून त्यांच्या तळाशी मांजरे, उंदीर व मासा धरलेले पाणमांजर आहे. त्यातील मानवाकृती ताठर आहेत, हा आक्षेप निसर्गानुकारी कलेच्या मोजमापावर आधारलेला आहे. येथे वस्त्राच्या चुण्या, केस व बोटे यांनाही गुंफणीतील धाग्यांचेच काम करावे लागते. हा ग्रंथ स्कॉटलंडच्या किनाऱ्यालगतच्या आयोना बेटावरील मठात, निदान अंशतः, लिहिला गेला असावा, असे अनेक अभ्यासक मानतात. त्यामुळे त्याला निखळ आयरिश म्हणण्यापेक्षा ‘द्वीपीय’ म्हणणे अधिक सयुक्तिक. मॉनॅस्टरबॉइस येथील म्यूरेडाखच्या सु. साडेपाच मी. उंचीच्या क्रूसावर मात्र बायबलमधील कथाप्रसंग प्रभावी ठरले असून रेषा कडेला सरली आहे.

व्हायकिंगांचे हल्ले ७९५ पासून सुरू झाले. त्यांनी मठ लुटले. तथापि कालांतराने त्यांच्या पशुरूपांनाही या कलेने सामावून घेतले. टर्लक ओ’कॉनर राजासाठी घडविलेल्या काँगच्या क्रूसावर (११२३) ती स्पष्ट दिसतात. ११६९ नंतरच्या अँग्लो-नॉर्मन सत्तेखाली मात्र मठांतील जुन्या कर्मशाळांना उतरती कळा लागली.

एकोणिसाव्या शतकातील पुनरुज्जीवनाची फलश्रुती संमिश्र आहे. वर उल्लेखिलेले पदक १८५० मध्ये बेटिस्टाउनजवळ मिळाले. टारा या प्राचीन राजपीठाशी त्याचा काहीही संबंध नाही. ते विकत घेणारे डब्लिनचे जवाहिरे वॉटरहाउस यांनी ते नाव दिले व त्याच्या प्रतिकृती विकल्या. राष्ट्रीय अस्मितेला प्रतीक मिळाले. पण गुंफण ही विचार करणारी रेषा न राहता ठसा बनली. ॲरन बेटांवरील स्वेटरांच्या विणीवरून घराणे ओळखता येते, ही समजूतही अशीच अर्वाचीन आहे. याउलट १८४५ च्या दुष्काळानंतर क्रोशाची लेस विणून कुटुंबे जगविणाऱ्या स्त्रियांनी व्हेनिसच्या नमुन्यांवरून स्वतःची वीण सिद्ध केली. कोणत्याही प्राचीनतेचा दावा न करणारे हे काम जुन्या परंपरेच्या अधिक जवळचे आहे.

सेरा पर्सर यांनी १९०३ मध्ये स्थापिलेल्या ‘अन टूर ग्लोइन्या’ या कर्मशाळेमुळे रंगीत काचचित्रांना चालना मिळाली. या क्षेत्रातील सर्वश्रेष्ठ कलावंत हॅरी क्लार्क (१८८९–१९३१) यांनी स्वतंत्रपणे काम केले. गर्द निळ्या रंगात लहान लहान तपशील भरण्याची त्यांची हातोटी केल्स ग्रंथाची आठवण करून देते, तीही एकही केल्टिक गाठ न उसनी घेता. आयरिश शासनाने जिनीव्हा येथील आंतरराष्ट्रीय कामगार कार्यालयासाठी त्यांच्याकडून आयरिश साहित्यावर आधारित एक गवाक्ष करवून घेतले. परंतु त्यातील काही प्रसंग आक्षेपार्ह वाटल्याने ते तेथे पाठविलेच नाही. क्लार्क यांच्या मृत्यूनंतर पत्नीने ते परत विकत घेतले. हे गवाक्ष आता अमेरिकेत, मायामी बीच येथील वुल्फसोनियन संग्रहालयात आहे.