नोंदवहीतले भविष्य : विमुक्तांची आत्मकथने, मराठी विज्ञानकथा आणि उद्याचा पोलीस

बीजसंज्ञा : विमुक्त जमाती, आत्मकथन, विज्ञानकथा, हजेरी, पूर्वानुमान, पोलीस यंत्रणा

प्रस्तावना :

भविष्यातील समाजाचे चित्रण हा विज्ञानकथेचा प्रांत आणि व्यवस्थेने नाकारलेल्या माणसाचा भूतकाळ हा दलित व भटक्या-विमुक्तांच्या आत्मकथनांचा प्रांत, अशी वाटणी मराठी समीक्षेने बऱ्याच अंशी गृहीत धरली आहे. साहित्यप्रवाहांच्या अध्यापनातही हे दोन प्रवाह दोन स्वतंत्र प्रकरणांत बसतात आणि सहसा एकमेकांना भेटत नाहीत. या वाटणीमुळे एक महत्त्वाचा प्रश्न दोन्ही प्रकरणांच्या मधल्या जागेत हरवला आहे. उद्याच्या समाजात संशयित कोण असेल आणि ते कोण ठरवील, हा तो प्रश्न होय.

पाश्चात्त्य साहित्यात हा प्रश्न विज्ञानकथेनेच विचारला. फिलिप के. डिक यांच्या ‘द मायनॉरिटी रिपोर्ट’ (१९५६) या कथेत गुन्हा घडण्यापूर्वीच भावी गुन्हेगाराला पकडणारी यंत्रणा आहे. ऑक्टेव्हिया बटलर या कृष्णवर्णीय लेखिकेची ‘पॅरबल ऑफ द सोअर’ (१९९३) ही कादंबरी २०२४ सालापासूनचा अमेरिकन समाज कल्पिते. तेथे पोलिसांची मदत हवी असेल तर पैसे मोजावे लागतात. शतकाच्या मध्याच्या सुमारास अमेरिकेत श्वेतवर्णीय बहुसंख्य राहणार नाहीत, असे तेथील जनगणना विभागाचे अनुमान आहे. त्यामुळे वंश, बदलती लोकसंख्या आणि पोलीस हे तीन विषय तेथे एकत्रच चर्चिले जातात. मराठी मुलखात वंशाच्या जागी जात आणि जमात येते. हे साम्य नव्याने शोधण्याची गरज नाही. महात्मा फुले यांनी ‘गुलामगिरी’ (१८७३) हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या लोकांना अर्पण करून ते दीडशे वर्षांपूर्वीच नोंदविले आहे.

जन्मावरून गुन्हेगाराचे भाकीत करणारा समाज मराठी माणसाला कल्पावा लागत नाही. तो येथे प्रत्यक्ष होऊन गेला आहे आणि त्याचे साक्षीपुरावे ‘उपरा’, ‘उचल्या’, ‘बेरड’ या आत्मकथनांत आहेत, हे प्रस्तुत विवेचनाचे मुख्य प्रतिपादन आहे. म्हणूनच ही आत्मकथने भविष्याविषयीची पुस्तके म्हणूनही वाचली पाहिजेत.

१. पोलिसांनी मांडलेली कुंडली :

‘गुलामगिरी’च्या दोन वर्षे आधी, १८७१ साली, ब्रिटिश सरकारने गुन्हेगार जमाती कायदा केला. एखादी जमात सराईतपणे गंभीर गुन्हे करते असे सरकारला वाटले की ती अधिसूचनेद्वारे ‘गुन्हेगार’ घोषित करता येई आणि त्या अधिसूचनेच्या वैधतेला न्यायालयात आव्हान देता येत नसे. घोषित जमातीतील माणसांची नोंदवही तयार होई. त्यांनी ठरलेल्या वेळी हजेरी द्यावयाची, गाव सोडताना परवाना घ्यावयाचा, अशी ही व्यवस्था होती. आरंभी उत्तर भारतापुरता असलेला हा कायदा १९११ मध्ये मुंबई इलाख्यासह सर्वत्र लागू करण्याची तरतूद झाली आणि नोंदलेल्या व्यक्तींच्या बोटांचे ठसे घेण्याचा अधिकारही त्याच कायद्याने दिला. सोलापुरात तारेच्या कुंपणाआडची वसाहत उभी राहिली. देशव्यापी जनगणनेचा पहिला प्रयत्नही १८७१-७२ चाच आहे. माणसे मोजण्याची आणि त्यांतील काहींना जन्मतः संशयित ठरविण्याची प्रक्रिया एकाच काळात सुरू झाली, हा केवळ योगायोग मानता येत नाही.

या कायद्याचे स्वरूप समजण्यासाठी मराठी वाचकाला परकी उपमा शोधावी लागत नाही. जन्मवेळेवरून पुढचे आयुष्य सांगणारी कुंडली त्याच्या घरात असते. गुन्हेगार जमाती कायदा ही राज्यसंस्थेने मांडलेली कुंडली होती. फरक इतकाच, की घरच्या कुंडलीतील अनिष्ट ग्रहाला शांतीचा तोडगा असतो. या कुंडलीत तो नव्हता. पोलिसांच्या बोलीत आजही गुन्हेगाराची ‘कुंडली काढली’ जाते, हा शब्दप्रयोग या दृष्टीने बोलका आहे.

२. हजेरीचे दोन अर्थ :

‘हजेरी’ हा शब्द शाळेचा आहे आणि पोलीस चौकीचाही. विमुक्तांच्या आत्मकथनांतील मूळ संघर्ष या एका शब्दात सामावलेला आहे. लक्ष्मण गायकवाड यांच्या ‘उचल्या’मध्ये (१९८७, साहित्य अकादमी पुरस्कार १९८८) आजोबांची पिढी पोलिसांच्या हजेरीत अडकलेली आहे आणि नातू शाळेच्या हजेरीपटावर नाव टिकविण्यासाठी धडपडतो आहे. ज्याच्या जन्मतारखेची नोंद कोठेही नाही असा हा निवेदक आहे. मात्र त्याच्या जमातीची नोंद पोलिसांच्या दप्तरात पिढ्यान्‌पिढ्या आहे. राज्यसंस्था त्याला नागरिक म्हणून ओळखत नाही आणि संशयित म्हणून विसरत नाही. ‘उचल्या’चे वाङ्मयीन सामर्थ्य त्यातील दारिद्र्यवर्णनात जितके आहे, तितकेच नोंदीच्या या विषम व्यवहाराच्या दर्शनात आहे. समीक्षेने पहिल्याची दखल भरपूर घेतली; दुसऱ्याची पुरेशी घेतलेली नाही.

‘उचल्या’ आपल्या माणसांना निष्पाप ठरवीत नाही, ही गोष्टही लक्षात घ्यावी लागते. चोरी आहे, तिचे प्रशिक्षण आहे, त्यातला पोलिसांचा वाटाही आहे. दुसरे काम मिळू न देणारा समाज आणि चोरीवर जगणाऱ्यांकडून हप्ता घेणारी यंत्रणा एकत्र आली की भाकीत आपोआप खरे ठरते. गुन्हा होणार म्हणून पाळत आणि पाळतीमुळे उरणारा एकच मार्ग म्हणजे गुन्हा, हे चक्र लेखकाने आतून दाखविले आहे. पूर्वानुमानावर आधारलेल्या कोणत्याही पोलीस यंत्रणेची ही मर्मभेदी चिकित्सा आहे आणि ती संगणकाचा उल्लेखही न करता झालेली आहे.

लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ (१९८०, साहित्य अकादमी पुरस्कार १९८१) या चिकित्सेत आणखी एक पदर जोडते. कैकाडी कुटुंबाचे बिऱ्हाड गाढवांवर लादून गावोगाव फिरते. ज्या गावात पाल पडते त्या गावाच्या नजरेत ते नेहमीच बाहेरचे असते. परंतु निवेदक आंतरजातीय विवाह करतो तेव्हा त्याला अडविणारी सत्ता पोलिसांची नसते. ती स्वतःच्या जातपंचायतीची असते. पाळत ठेवणे, नोंद घेणे, दंड करणे आणि वाळीत टाकणे ही कामे केवळ खाकी वर्दी करीत नाही, हे ‘उपरा’ने दाखवून दिले. महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला तो २०१६ साली, म्हणजे या पुस्तकानंतर साडेतीन दशकांनी.

भीमराव गस्ती यांचे ‘बेरड’ बेळगाव सीमाभागातील बेरड समाजावरील पोलिसी अत्याचाराचा आलेख मांडते. भाषिक राज्याची सीमा बदलली तरी जमातीवरचा शिक्का बदलत नाही, हे त्यातून अधोरेखित होते.

३. विज्ञानकथेचे मौन :

मराठी विज्ञानकथेला प्रतिष्ठा मिळवून देण्यात डॉ. जयंत नारळीकर यांचा वाटा मोठा आहे. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत त्यांनी टोपणनावाने पाठविलेली ‘कृष्णविवर’ ही कथा पारितोषिकपात्र ठरली आणि १९७९ मध्ये ‘यक्षांची देणगी’ हा संग्रह आला. २०२१ मध्ये नाशिक येथे झालेल्या ९४ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी त्यांची निवड हा या प्रवाहाचाच गौरव होता. वैज्ञानिक दृष्टिकोनाचा प्रसार हे या लेखनाचे उद्दिष्ट होते आणि त्या कसोटीवर ते यशस्वी आहे.

तथापि, या विज्ञानकथेचा भावी समाज कोणाचा आहे, हा प्रश्न टाळता येत नाही. ‘वामन परत न आला’ या कादंबरीत अतिप्राचीन ज्ञानभांडाराच्या आधारे बुद्धिमान यंत्रमानव घडविला जातो आणि तो निर्मात्यांच्या हाताबाहेर जाण्याचा धोका उभा राहतो. यंत्राच्या हेतूविषयी ही कादंबरी गंभीर आहे. मात्र तिच्या केंद्रस्थानी शास्त्रज्ञ, संस्था आणि शासन आहे. यंत्राच्या नजरेला पहिल्यांदा कोण पडेल, ही चिंता तिची नाही. सर्वसाधारणपणे मराठी विज्ञानकथेतील संकट साऱ्या मानवजातीवर एकसारखे कोसळते. जातिबद्ध समाजात कोणतेही संकट असे समान वाटपाने येत नाही. विज्ञानकथेने उद्याचे यंत्र पाहिले. त्या यंत्राला पुरविली जाणारी जुनी वही पाहिली नाही. ती वही विमुक्त लेखकांनी पाहिली होती, पण त्यांच्या लेखनाला कोणी भविष्यवेधी म्हटले नाही.

४. वर्तमानाचा पुरावा :

गुन्हेगार जमाती कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. त्याच्या जागी राज्याराज्यांत सराईत गुन्हेगारांविषयीचे कायदे आले. मुंबई राज्याचा १९५९ चा आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तुरुंग नियमावल्यांतील जातिभेद घटनाबाह्य ठरविला, कारागृहांच्या नोंदवह्यांतील जातीचा रकाना काढण्यास सांगितले आणि विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानीपणे अटक होऊ नये, असेही बजावले. म्हणजे कायदा गेल्यानंतर ७२ वर्षे वही शिल्लक होती.

याच काळात नव्या वह्या उघडल्या गेल्या. २०२२ च्या फौजदारी प्रक्रिया (ओळख) कायद्याने बोटांच्या ठशांबरोबर बुबुळांच्या नोंदीही घेण्याची मुभा दिली. या नोंदी ७५ वर्षे जतन करावयाच्या आहेत. महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये ‘मार्व्हल’ ही कंपनी स्थापन केली. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने माहितीचे विश्लेषण करून पोलिसांना गुन्ह्यांचा अंदाज बांधता यावा, हा तिचा एक उद्देश आहे. कॅलिफोर्नियातील सांताक्रूझ शहराने मात्र पूर्वानुमानावर आधारित पोलीस बंदोबस्तावर २०२० मध्येच बंदी घातली.

यंत्राला जात नसते, त्यामुळे ते माणसापेक्षा निःपक्षपाती असेल, असा युक्तिवाद या संदर्भात केला जातो. तो सहज झटकून टाकण्यासारखा नाही; मनमानी करणाऱ्या अंमलदारापेक्षा नियमाने चालणारे यंत्र बरे, असे पिडलेल्या माणसालाही वाटू शकते. परंतु यंत्राला जात नसली तरी नोंदवहीला असते. ज्या वस्तीत पोलीस अधिक वेळा गेले त्या वस्तीच्या नोंदी अधिक आणि नोंदी अधिक म्हणून पुन्हा त्याच वस्तीत पोलीस, हे ‘उचल्या’तील चक्र यंत्र केवळ अधिक वेगाने फिरवील.

हा प्रश्न कळवणसारख्या तालुक्याला दूरचा नाही. भिल्ल, कोकणा, महादेव कोळी यांच्या वस्तीचा हा आदिवासीबहुल भाग १८६९ पर्यंत खानदेशात मोडत होता. त्याच खानदेशात ब्रिटिशांनी १८२५ मध्ये भिल्ल पलटण उभारली. ज्यांना लुटारू म्हटले त्यांच्यातूनच बंदोबस्ताचे शिपाई घडविले गेले. संशयित आणि पोलीस यांतील सीमारेषा जन्माने ठरत नाही, सत्तेच्या गरजेने ठरते, याचा हा स्थानिक दाखला आहे. आज हंगामात येथील मजूर दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांकडे जातात, नाशिकच्या कारखान्यांत परप्रांतीय कामगार येतात. फेब्रुवारी २००८ मध्ये याच परप्रांतीयांना मोठ्या संख्येने नाशिक सोडावे लागले होते. ‘बाहेरचा’ हा शब्द स्थलांतराबरोबर नवनवीन माणसांना चिकटत राहतो.

कळवणच्या उत्तरेस बागलाण ओलांडले की साक्री तालुका लागतो. तेथील राईनपाडा येथे १ जुलै २०१८ रोजी मंगळवेढा परिसरातून आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना मुले पळविणारे समजून जमावाने ठार केले. या घटनेला पोलिसांची वही लागली नाही. मोबाइलवरची अफवा पुरली. मारणारेही वंचित भागातलेच होते, ही बाब अधिक अस्वस्थ करणारी आहे. ‘उपरा’ने सूचित केलेली वर्दीबाहेरची पाळत येथे तंत्रज्ञानाशी जोडली गेली.

निष्कर्ष :

१. विमुक्तांची आत्मकथने ही पूर्वानुमानावर चालणाऱ्या पोलीस व्यवस्थेची मराठीतील सर्वांत प्रगल्भ चिकित्सा आहे. त्यांना केवळ ‘भूतकाळाचे दस्तऐवज’ मानणे हे त्यांचे अवमूल्यन ठरते.

२. मराठी विज्ञानकथेने यंत्राच्या सामर्थ्याचा विचार केला. यंत्राला पुरविल्या जाणाऱ्या सामाजिक स्मृतीचा विचार तुलनेने कमी केला. हा दोष एका लेखकाचा नसून प्रवाहाच्या सामाजिक पायाचा आहे.

३. अध्यापनात हे दोन प्रवाह शेजारी ठेवून शिकविले जावेत. ‘वामन परत न आला’ आणि ‘उचल्या’ एकाच सत्रात वाचले गेल्यास दोन्हींचा अर्थ वाढतो.

४. २०२७ च्या जनगणनेत जातीची नोंद घेण्याचा निर्णय केंद्र सरकारने २०२५ मध्ये जाहीर केला. रेणके आयोगाने २००८ च्या अहवालात ज्यांची संख्या दहा कोटींहून अधिक असल्याचा अंदाज वर्तविला होता, त्या भटक्या-विमुक्तांना आपली स्वतंत्र गणना हवी आहे. नोंदीमुळेच पिढ्या गमावलेला समाज नोंद मागतो, यात विसंगती नाही. त्याला नोंद नको असे नाही. त्याला चौकीची हजेरी सोडून शाळेच्या हजेरीत यावयाचे आहे. उद्याचा समाज कोणती वही उघडी ठेवतो, यावर त्याचे मूल्यमापन व्हावे.