नाव घेऊन मारलेली हाक : 'शिओकाझे' कसं ऐकावं?

मंडळी, आज आपण रेडिओवरच्या एका कार्यक्रमाचा विचार एखाद्या साहित्यकृतीचा करावा तसा करणार आहोत. कार्यक्रमाचं नाव 'शिओकाझे', म्हणजे समुद्रावरून येणारा वारा. ऑक्टोबर २००५पासून जपानमधली एक खासगी संघटना तो शॉर्टवेव्हवरून उत्तर कोरियाकडे प्रसारित करते. श्रोते कोण? तर तिथे पळवून नेलेले जपानी नागरिक.

थोडी पार्श्वभूमी. १९७७ साली निइगाता शहरात शाळेतून घरी निघालेली १३ वर्षांची मेगुमी योकोता नाहीशी झाली. २००२मध्ये उत्तर कोरियाने अपहरणांची कबुली दिली आणि पाच जण मायदेशी परतले. जपान सरकार अधिकृतपणे १७ जणांना अपहृत मानतं; संशय मात्र शेकडो बेपत्ता माणसांबद्दल आहे.

'शिओकाझे'चा गाभा अगदी साधा. नाव, जन्मतारीख, कधी आणि कुठून नाहीसे झाले. मग पुढचं नाव. आपल्याला फर्माइशीच्या कार्यक्रमातली नावांची माळ परिचयाची आहे. पण तिथे श्रोता स्वतःचं नाव पत्राने कळवतो. इथे पत्र यायची सोयच नाही.

मग हे ऐकतं तरी कोण, असा आक्षेप हमखास येतो. उत्तर कोरियातले रेडिओ सरकारी केंद्रांवर लावून सील केलेले असतात. शिवाय त्याच फ्रीक्वेन्सीवर घरघर सोडून आवाज बुडवला जातो. आक्षेप खराच आहे, पण त्यातूनच आपल्याला समीक्षेची कसोटी मिळते. चोरून ऐकणारा जीव धोक्यात घालून ऐकणार. त्या दोन-चार मिनिटांत त्याच्या हाती काय लागतं? भाषण अर्धं ऐकलं तर वाया जातं. यादी कुठूनही ऐकली तरी चालते. घरघरीतून एक ओळखीचं नाव कानी पडलं, तरी निरोप पोचला.

जपान सरकारनेही २००७मध्ये 'फुरुसातो नो काझे', म्हणजे गावाकडचा वारा, हा कार्यक्रम सुरू केला. त्यात नातेवाइकांचे निरोप असतात, जुनी गाणी असतात, आणि सरकारच्या प्रयत्नांची माहितीही. 'तुमचा शोध चालू आहे' हे कळणं कैद्याला धीर देणारं आहे, यात वाद नाही. पण ते एका वाक्यात सांगून होतं. धोरणाचं निवेदन लांबलं, की बोलणाऱ्याचं तोंड घरच्या मतदाराकडे वळलेलं वाटतं.

यादीतही दोष आहे, बरं का. ज्यांच्या अपहरणाची शक्यता धरली होती, त्यांतले काही जण पुढे जपानमध्येच सापडले. म्हणजे काही हाका जिथे माणूसच नाही तिथे गेल्या. म्हणून यादी टाकून द्यावी, असं आम्ही म्हणणार नाही. पण नाव वाचण्याइतकीच ते खोडण्याचीही शिस्त हवी. कारण एक नाव चुकलं, की संशय घेणाऱ्याला उरलेली सगळी नावं झटकून टाकायला निमित्त मिळतं.

मेगुमीचे वडील २०२०मध्ये वारले. मुलांना हाक मारणारे आईबाप आता एकेक करून जात आहेत. त्यांचे आवाज थांबतील तेव्हा मागे ही यादीच राहील. ती कोण वाचतं आणि कोण तपासतं, यावर पुढचं सगळं अवलंबून आहे.