पॅलाडिनचा निवाडा कोणी करायचा?

शरण आलेला गॉब्लिन हात बांधून समोर बसवलेला आहे. सोडला तर रात्री टोळी घेऊन परत येईल, बरोबर न्यायला वेळ नाही. धर्मयोद्धा असलेला पॅलाडिन त्याला मारतो आणि खेळ चालवणारा डंजन मास्टर तिथल्या तिथे जाहीर करतो की हे दुष्कृत्य आहे, तुझ्या दैवी शक्ती गेल्या. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ खेळणाऱ्या कित्येक टोळक्यांत या प्रसंगावरून कडाक्याची भांडणं झाली आहेत. वरवर पाहता वाद असतो तो कैद्याला मारणं पाप की नाही, यावर. पण खेळाडूला खरं लागतं ते वेगळंच: हा खेळ पापाचा हिशेब ठेवतो, हे त्याला ठाऊक होतं, निवाडा कोणत्या मापाने होणार, हे मात्र तलवार चालवून झाल्यावर कळलं. नीतीचे नियम पारखताना म्हणूनच मी आधी दोन गोष्टी पाहतो. निवाडा कोणाच्या हाती आहे? आणि तो कृतीच्या आधी समोर येतो की नंतर?

या कसोटीवर ‘अलाइनमेंट’ची, म्हणजे पात्राची नैतिक बाजू ठरवण्याची, पद्धत लंगडी पडते. 1974च्या मूळ खेळात सुव्यवस्था, तटस्थता आणि अराजक असे तीनच पक्ष होते. पोल अँडरसन आणि मायकेल मूरकॉक यांच्या कादंबऱ्यांतून आलेली ही कल्पना होती, आणि तुम्ही कोणाच्या बाजूने लढता एवढंच सांगायला ती पुरेशी होती. पुढे तिला चांगल्या-वाईटाची जोड मिळाली, 1978पर्यंत नऊ घरांचा तक्ता तयार झाला, आणि पक्ष सांगणारी खूण माणसाच्या स्वभावावरचा शिक्का बनली. घर बदललं की शिक्षा होई, आणि बदललं की नाही हे ठरवणार डंजन मास्टर. 2014च्या पाचव्या आवृत्तीने त्या शिक्षा जवळपास काढून टाकल्या. भांडण मिटलं, पण तक्ता शोभेपुरता उरला. 2023मध्ये ‘पाथफाइंडर’ या तशाच खेळाने तो काढूनच टाकला आणि काय करावं, काय टाळावं याची पात्रागणिक यादी पुढे केली. मला हा बदल अधिक प्रामाणिक वाटतो, कारण पात्राला काय वर्ज्य आहे हे पहिल्या दिवसापासून लिहिलेलं असतं.

मात्र या दोन्ही बदलांच्या कितीतरी आधी, 1985 साली, ग्रेग स्टॅफर्ड यांनी ‘पेंड्रॅगन’ या खेळामध्ये याहून खोल विचार केला होता. त्यात राजा आर्थरच्या दरबारातल्या सरदाराच्या स्वभावाच्या तेरा जोड्या असतात. दयाळू आणि क्रूर ही त्यातली एक; दोन्ही आकड्यांची बेरीज नेहमी वीस. दया सोळावर गेलेल्या सरदारापुढे तोच कैदी आला की वीस बाजूंचा फासा टाकावा लागतो. सोळा किंवा कमी आलं तर तो दयेने वागतो, मग खेळाडूच्या मनात काहीही असो. तो आकडा एका दिवसात आलेला नसतो. ज्या गुणाची कसोटी वर्षभरात लागली, त्याच्यापुढे खूण होते आणि हिवाळ्यात तो वाढू शकतो.

यावर आक्षेप येतो की खेळाडूचं स्वातंत्र्य गेलं. मला तो पटत नाही. आकडा वाढला तो बहुतेक त्याच्याच निवडींनी. सवयीने बांधलेला माणूस रंगवण्याची संधी त्याला इथे मिळते, आणि पाचपैकी एका वेळी तो स्वभावाविरुद्ध वागण्याची शक्यताही राहते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: बाहेरचा न्यायाधीश नसला तर खेळाडू स्वतःला हवं ते माफ करतील. विन्सेंट बेकर यांच्या ‘डॉग्ज इन द व्हिनयार्ड’ (2004) या खेळाने हा धोका पत्करला. देवाचे तरुण रखवालदार गावोगाव पापाचा निवाडा करतात आणि सूत्रधाराला त्यांच्यावर मत लादायची मुभा नसते. माफी मिळते खरी, पण ती सगळ्यांसमोर, परिणाम भोगणाऱ्या गावकऱ्यांच्या तोंडावर घ्यावी लागते. ‘व्हॅम्पायर’ या खेळाच्या 2018च्या पाचव्या आवृत्तीने मधली वाट काढली. 1991च्या पहिल्या आवृत्तीत माणुसकीची पायरी खेळाच्या पुस्तकाने ठरवलेली होती. आता कथेची तत्त्वं टोळकं मिळून आधीच ठरवतं. ती मोडली की डाग लागतो आणि सत्राच्या शेवटी पश्चात्तापाचा फासा पडतो. त्या टेबलावर गॉब्लिन मारणाऱ्याला शिक्षा होईलही, पण तो नियम त्याने स्वतः मान्य केलेला असेल.