घरे-बाइरे

विख्यात बंगाली साहित्यिक रवींद्रनाथ टागोर (१८६१–१९४१) यांची कादंबरी. प्रमथ चौधुरी ह्यांच्या सबुज पत्र ह्या मासिकातून ती १९१५-१६ मध्ये क्रमशः आणि १९१६ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. शीर्षकाचा अर्थ ‘घरात आणि बाहेर’ असा आहे. १९०५ च्या वंगभंगानंतर उसळलेली स्वदेशीची चळवळ ही तिची पार्श्वभूमी होय. ह्या चळवळीत रवींद्रनाथ प्रारंभी उत्साहाने सहभागी झाले होते. पुढे तिच्यातील सक्ती आणि हिंदु-मुसलमानांतील वाढता दुरावा पाहून ते तिच्यापासून दूर झाले.

उदारमतवादी जमीनदार निखिलेश आपली पत्नी बिमला हिला अंतःपुराबाहेरच्या जगाशी परिचित करू इच्छितो. बाहेरच्या जगात स्वेच्छेने स्वीकारलेले प्रेमच त्याला खरे वाटते. त्याचा मित्र संदीप हा प्रभावी वक्ता व स्वदेशीचा पुढारी. त्याच्या भाषणाने भारावलेली बिमला पडद्याबाहेर येते. संदीप तिच्या ठिकाणी देशमातेचे रूप पाहतो आणि ह्या स्तुतीच्या धुंदीत ती चळवळीसाठी पतीच्या तिजोरीतील सहा हजार रुपयांच्या गिन्न्या चोरते. कोवळ्या वयाच्या अमूल्यविषयीच्या वात्सल्याने ती भानावर येते. पण तोवर दंगल पेटलेली असते. तीत अमूल्य मारला जातो आणि निखिलेश गंभीर जखमी होतो.

बिमला, निखिलेश आणि संदीप ह्यांच्या आत्मकथनांतून कथानक उलगडत जाते. एकच घटना निरनिराळ्या मनांतून पाहिल्यामुळे प्रत्येकाची आत्मवंचना वाचकाच्या ध्यानी येते. रवींद्रनाथांनी बोलभाषेत लिहिलेली ही पहिली कादंबरी होय. तथापि तिन्ही निवेदकांची भाषा सारखीच अलंकृत व सुभाषितवजा असल्याने त्यांच्यातील भेद काहीसा पुसट होतो.

देशाला देवता मानले, की न्याय-अन्यायाचा विचार मागे पडतो, हे कादंबरीचे मुख्य सूत्र आहे. देवता ठरविलेल्या स्त्रीलाही माणूस म्हणून स्वातंत्र्य उरत नाही. त्यामुळे बिमलेची शोकांतिका आणि चळवळीची शोकांतिका एकरूप होतात. बहिष्काराचा भार मात्र गरिबांवर पडतो. विलायती कापड विकणाऱ्या पंचूला दुसरा जमीनदार दंड करतो आणि मिरजान ह्या नावाड्याची होडी बुडविली जाते. ह्या प्रजेची बाजू निखिलेश मांडतो, पण तिला स्वतःचे निवेदन नाही. चळवळीतील निष्ठावंतांना संदीपच्या तोडीचा प्रतिनिधी नाही. ह्या दोन उणिवांमुळे रवींद्रनाथांची टीका काहीशी एकांगी भासते.

कादंबरीवर देशद्रोहाचा आरोप झाला. सुरेंद्रनाथ टागोरांचा इंग्रजी अनुवाद १९१९ मध्ये प्रसिद्ध झाला. संदीप हे गांधीजींचे विडंबन आहे, असा आक्षेप हंगेरियन समीक्षक गेओर्ग लूकाच ह्यांनी १९२२ मध्ये घेतला; परंतु कादंबरी लिहिली गेली तेव्हा गांधीजी भारतीय राजकारणाचे नेते झालेले नव्हते, हे लक्षात घेता तो टिकत नाही. सत्यजित राय ह्यांनी १९८४ मध्ये तिच्यावर ह्याच नावाचा चित्रपट काढला. राष्ट्रप्रेमाला सत्याची मर्यादा असावी की नसावी, हा तिने उपस्थित केलेला प्रश्न वंगभंगाच्या काळापुरता राहिलेला नाही. ह्या प्रश्नाला दोन पुरुष आणि एक स्त्री ह्यांच्या खाजगी जीवनात रुजविण्यात तिचे सामर्थ्य आहे.