नॉर्वेतील एफ.एम.ची अखेर : एक हिशेब

११ जानेवारी २०१७ रोजी सकाळी अकरा वाजून अकरा मिनिटे आणि अकरा सेकंदांनी नॉर्वेच्या उत्तरेकडील नूरलान प्रांतात तेथील सार्वजनिक नभोवाणीने, म्हणजे एन.आर.के.ने, आपले एफ.एम. प्रक्षेपण थांबवले. मग एकेक प्रांत घेत, सप्टेंबरमध्ये राजधानी ऑस्लो ओलांडून, १३ डिसेंबर २०१७ रोजी अगदी उत्तर टोकाला हे काम संपले. राष्ट्रीय वाहिन्यांचे एफ.एम. बंद करणारा नॉर्वे हा जगातला पहिला देश ठरला. एफ.एम.ची जागा 'डॅब' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अंकीय पद्धतीने घेतली.

या घटनेचे वर्णन 'जुने गेले, नवे आले' अशा थाटात झाले. आमच्या मते या वर्णनात दोन वेगळे दावे एकमेकांत मिसळले आहेत. पहिला दावा असा, की प्रक्षेपणाची पद्धत म्हणून डॅब हे एफ.एम.पेक्षा सरस आहे. दुसरा असा, की म्हणून त्यात श्रोत्याचा फायदा आहे. पहिला दावा बऱ्याच अंशी खरा आहे. पण त्यावरून दुसरा आपोआप सिद्ध होत नाही. तो वेगळा तपासावा लागतो. विज्ञान शिकवणाऱ्याने हा फरक विद्यार्थ्यांपुढे ठेवणे महत्त्वाचे आहे, म्हणून हा लेखाजोखा.

प्रतिध्वनीवर मात

आधी पद्धत समजून घेऊ. एफ.एम.मध्ये ध्वनीच्या चढउताराबरहुकूम वाहक लहरीची वारंवारता किंचित कमीजास्त केली जाते. डोंगराळ मुलखात हीच लहर कड्यांवरून परावर्तित होऊन थोड्या उशिराने पुन्हा संचाकडे येते. मूळ लहर आणि तिचे हे प्रतिध्वनी यांचे व्यतिकरण होते आणि आवाज फाटतो. नॉर्वेसारख्या डोंगर आणि खोल खाड्यांच्या देशात ही अडचण नेहमीचीच.

डॅबची आखणी 'युरेका १४७' या युरोपीय प्रकल्पात १९८७ पासून झाली. तिच्यामागची कल्पना अशी. घुमणाऱ्या सभागृहात भरभर बोलले, तर मागच्या शब्दाचा घुमारा पुढच्या शब्दावर पडतो. सावकाश, थांबत बोलले, तर घुमारा विरल्यावरच पुढचा शब्द येतो. पण सावकाश बोलण्याने मजकूर कमी जातो. मग १,५३६ जणांनी एकाच वेळी, प्रत्येकाने वेगळ्या पट्टीत, सावकाश बोलावे! डॅबमध्ये नेमके हेच होते. १,५३६ वाहक लहरी एकमेकींपासून एक किलोहर्ट्झ अंतरावर असतात आणि प्रत्येक लहर आपला संकेत एक मिलिसेकंद धरून ठेवते. त्याला जोडून २४६ मायक्रोसेकंदांचा राखीव काळ असतो. या काळात येऊन पडलेले प्रतिध्वनी त्रास देत नाहीत. उलट त्यांची ऊर्जा उपयोगीच पडते.

येथे विद्यार्थ्यांना एक गुणाकार करायला सांगावा. प्रकाशाचा वेग सेकंदाला तीन लाख किलोमीटर धरला, तर २४६ मायक्रोसेकंदांत रेडिओलहर किती अंतर कापते? उत्तर सुमारे ७४ किलोमीटर. मूळ लहरीपेक्षा इतका लांबचा फेरा घेऊन आलेला प्रतिध्वनीसुद्धा चालतो. आणि शेजारच्या प्रक्षेपकाने त्याच वारंवारतेवर तोच कार्यक्रम पाठवला, तर संचाच्या दृष्टीने तोही एक प्रतिध्वनीच! म्हणून डॅबचे अनेक प्रक्षेपक एकाच वारंवारतेवर चालवता येतात. एफ.एम.मध्ये शेजारी प्रक्षेपकांना वेगवेगळ्या वारंवारता द्याव्या लागतात, आणि त्या लवकर संपतात. नॉर्वेत एफ.एम.वर पाच राष्ट्रीय वाहिन्या होत्या, डॅबवर बावीस झाल्या. एक वाहिनी देशभर पोचवण्याचा एफ.एम.चा खर्च डॅबच्या आठपट असल्याचे तेथील सांस्कृतिक मंत्रालयाने २०१५ मध्ये सांगितले. या आकड्यामागचे भौतिकशास्त्र पक्के आहे.

'स्वच्छ आवाज' म्हणजे काय?

आता श्रोत्याच्या बाजूने पाहू. अंकीय म्हणजे स्वच्छ आवाज, असे सरसकट सांगितले जाते. खरखर जाते हे खरे. पण आवाजाचा दर्जा अंकीय असण्यावर नव्हे, तर त्यासाठी सेकंदाला किती बिट खर्च केले त्यावर ठरतो. तबकडीवरचे संगीत सेकंदाला सुमारे १,४११ किलोबिट घेते. डॅबच्या एका संपूर्ण पट्ट्यात, नेहमीच्या सुरक्षा-पातळीला, सुमारे १,१५२ किलोबिट मावतात. त्यात प्रत्येकी १९२ किलोबिटांच्या सहा वाहिन्या बसवता येतील, किंवा ६४ किलोबिटांच्या अठरा. आवाज दाबून बसवण्याची तंत्रे सुधारली आहेत. २००७ मध्ये प्रमाणित झालेल्या 'डॅब प्लस'मध्ये थोड्या बिटांत पूर्वीपेक्षा बराच चांगला आवाज मिळतो. तरीही वाहिन्यांची संख्या आणि आवाजाचा दर्जा एकाच थैलीतून निघतात. 'अधिक वाहिन्या' आणि 'अधिक चांगला आवाज' ही दोन्ही आश्वासने एका दमात दिली जातात, तेव्हा भागाकार तपासावा.

शिवाय ज्यांनी उत्साहाने अगदी सुरुवातीचे डॅब संच विकत घेतले, त्यांच्या संचांना 'डॅब प्लस' कळत नाही. नॉर्वेने राष्ट्रीय वाहिन्या 'डॅब प्लस'वर नेल्या, तेव्हा एफ.एम. संचांबरोबर हे 'अंकीय' संचही निरुपयोगी झाले. नव्याची किंमत पहिल्याने घेणाऱ्याला दोनदा मोजावी लागली.

क्षीण संकेताच्या वेळी काय घडते, हाही फरक आहे. एफ.एम. हळूहळू बिघडते, खरखर वाढली तरी बातमी कळते. डॅबचा आवाज मर्यादेपर्यंत निर्दोष असतो, मग थोडा वेळ बुडबुड्यांसारखा येतो आणि पुढे एकदम शांतता. खरखरीतून कान देऊन ऐकणाऱ्या माणसाला ही शांतता सुधारणा वाटणार नाही.

टक्के कशाचे?

नॉर्वेच्या संसदेने २०११ मध्ये एफ.एम. बंद करण्यासाठी काही अटी घातल्या होत्या. त्यांतल्या दोन मोजण्याच्या दृष्टीने उद्बोधक आहेत.

एक अट व्याप्तीची. एन.आर.के.चे अंकीय प्रक्षेपण तिच्या पहिल्या वाहिनीच्या एफ.एम. प्रक्षेपणाइतके, म्हणजे सुमारे ९९.५ टक्के लोकसंख्येपर्यंत पोचावे. खासगी वाहिन्यांचे किमान ९० टक्क्यांपर्यंत. ही टक्केवारी लोकसंख्येची आहे, भूभागाची नव्हे. माणसे घरी राहतात, पण रेडिओ गाडीत, होडीत, डोंगरातही ऐकतात. ज्या रस्त्याकडेला कोणी राहत नाही, तो रस्ता या मोजणीत शून्य धरला जातो. आणि सुमारे साडेबावन्न लाखांच्या देशात दहा टक्के म्हणजे सव्वापाच लाख माणसे, हेही टक्केवारीमागे दडते.

दुसरी अट अशी, की निम्म्या श्रोत्यांनी तरी रोज अंकीय मार्गाने रेडिओ ऐकलेला असावा. २०१५ मध्ये तारीख जाहीर झाली, तेव्हा हा आकडा ५६ टक्के होता. अट पूर्ण झाली. पण 'अंकीय मार्ग' यात डॅबबरोबर इंटरनेट आणि दूरचित्रवाणी संचावरून ऐकलेला रेडिओही धरला होता. शिवाय सकाळी दहा मिनिटे संगणकावर आणि संध्याकाळी दोन तास गाडीत एफ.एम. ऐकणारा माणूस 'अंकीय' रकान्यातच जाणार. इंटरनेटवर ऐकणारा श्रोता डॅबच्या बाजूचा पुरावा कसा होतो, हे आम्हांला उमगत नाही. उरलेले ४४ टक्के रोज फक्त एफ.एम. ऐकत होते, आणि डॅबची सोय असलेल्या खासगी मोटारी त्या वर्षी २० टक्केच होत्या.

आकडे खोटे नव्हते, पण ते वेगळ्याच प्रश्नाचे उत्तर देत होते. 'किती जणांना अंकीय रेडिओ माहीत आहे' असा प्रश्न असता तर ५६ हे उत्तर चालले असते. 'एफ.एम. बंद केले तर किती जणांचे अडेल' या प्रश्नाचे उत्तर त्यात नाही. ते जनमत चाचणीत दिसले. डिसेंबर २०१६ मध्ये 'डागब्लादे' या वृत्तपत्राने प्रसिद्ध केलेल्या चाचणीत ६६ टक्के लोक बंदीच्या विरोधात होते आणि १७ टक्के बाजूने.

बचतीचा दुसरा रकाना

एफ.एम. बंद केल्याने राष्ट्रीय वाहिन्यांची वर्षाला सुमारे २० कोटी क्रोनर बचत होईल, असे सांगण्यात आले. हा आकडा वाचताना दुसरा गुणाकार शेजारी ठेवावा. बदलाच्या वेळी नॉर्वेच्या रस्त्यांवर डॅब नसलेल्या सुमारे वीस लाख मोटारी होत्या. मोटारीला डॅब जोडून घेण्याचा खर्च त्या वेळी एक ते दोन हजार क्रोनर होता. सरासरी दीड हजार धरला आणि सर्वांनीच तो केला असे मानले, तर ३०० कोटी क्रोनर होतात. म्हणजे वाहिन्यांची पंधरा वर्षांची बचत! घरातले संच, आणि कचऱ्यात गेलेले चालू स्थितीतले संच यात धरलेलेच नाहीत.

हा हिशेब ढोबळ आहे, हे मान्य. सगळे मोटारमालक खर्च करत नाहीत, आणि जुन्या मोटारी कालांतराने मोडीत निघतातच. दुसऱ्या बाजूला, जुने एफ.एम. जाळे ठेवायचे तर त्याच्या नूतनीकरणालाही पैसा लागला असता आणि बावीस वाहिन्या काही मिळाल्या नसत्या. बदल तोट्याचा होता असे आम्ही म्हणत नाही. आमचे म्हणणे एवढेच, की बचत एकाच्या खिशात आणि खर्च दुसऱ्याच्या, अशा व्यवहाराला नुसते 'स्वस्त' म्हणता येत नाही. स्वस्त कोणाला, हे सांगावे लागते.

काही किंमत पैशांत मोजता येत नाही. डॅब संचाला सेकंदाला सुमारे आठशे वेळा मोठे गणित करून त्या १,५३६ लहरी वेगळ्या काढाव्या लागतात. साहजिकच तो साध्या एफ.एम. संचापेक्षा अधिक वीज खातो. आणीबाणीत घरात बॅटरीवर चालणारा डॅब रेडिओ ठेवावा, असा सल्ला नॉर्वेचे नागरी संरक्षण खाते देते. वीज गेल्यावर बॅटरी किती टिकते हा प्रश्न तेव्हा किरकोळ राहत नाही. शिक्षकांना आणखी एक गोष्ट जाणवेल. तारेचे वेटोळे, डायोड आणि कानाला लावायचा ध्वनिक यांतून मध्यमलहरींचा रेडिओ शाळेत बनवता येतो, एफ.एम. संचही जुळवता येतो. डॅब संच विद्यार्थ्यांना हाताने जुळवता येत नाही. त्याचे मर्म एका चकतीत बंद असते.

निर्णय भौतिकशास्त्राचा नव्हे

भौतिकशास्त्र सगळीकडे सारखेच, पण युरोपातल्या देशांचे निर्णय सारखे नाहीत. फिनलंडच्या सार्वजनिक नभोवाणीने २००५ मध्ये डॅबच बंद केले. नॉर्वेला खेटून असलेल्या स्वीडनने २०१५ मध्ये एफ.एम. बंद करण्याची योजना बाजूला ठेवली. आयर्लंडच्या सार्वजनिक नभोवाणीने २०२१ मध्ये डॅबमधून अंग काढून घेतले. ब्रिटनमध्ये १९९५ पासून डॅब आहे आणि तेथे निम्म्याहून अधिक रेडिओ अंकीय मार्गाने ऐकला जातो. तरीही २०२१ च्या सरकारी आढाव्याने किमान २०३० पर्यंत एफ.एम. ठेवण्याचे सुचवले. स्वित्झर्लंडच्या सार्वजनिक नभोवाणीने मात्र २०२४ च्या अखेरीस एफ.एम. थांबवले. खुद्द नॉर्वेतही अनेक छोट्या स्थानिक केंद्रांना एफ.एम.वर राहू दिले गेले. तेव्हा 'तंत्रज्ञानाची वाटचालच अशी आहे, इलाज नाही' हे म्हणणे टिकत नाही. तंत्रज्ञान पर्याय देते. निवड माणसे करतात, आणि तिची जबाबदारीही त्यांचीच.

आपल्याकडेही हा विषय परका नाही. आकाशवाणीने आपल्या अनेक मध्यमलहरी प्रक्षेपकांसाठी डॅबपेक्षा वेगळी 'डी.आर.एम.' ही अंकीय पद्धत स्वीकारली आहे, आणि २०१८ मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणाने अंकीय नभोवाणीविषयी शिफारशी केल्या. उद्या एखादी तारीख आपल्यापुढेही येईल. तेव्हा तीन प्रश्न विचारता यावेत : सुधारणा कोणत्या टोकाची, प्रक्षेपकाची की संचाची? टक्के कशाचे? आणि खर्च कोणत्या रकान्यात? हे प्रश्न विचारायला अभियंता असावे लागत नाही. आठवीचा गुणाकार आणि थोडी चिकित्सक वृत्ती पुरते, आणि या दोन्ही गोष्टी शाळेतच मिळतात.