ओल्गा चेखोवा: आडनावाची भूमिका

‘तुम्ही मूळचे कुठले?’ जर्मनीत हा प्रश्न तुम्हाला किती वेळा विचारलाय? आणि दर वेळी तीच घासूनपुसून ठेवलेली दोन वाक्यं आपण ऐकवतो, हो ना? ओल्गा चेखोवाने अशा उत्तरावर अख्खं करिअर उभं केलं.

ती 1897 साली आजच्या आर्मेनियातल्या ग्युमरीत जन्मली. माहेरचं आडनाव क्निपर, घराणं मूळचं जर्मन. नाटककार अंतोन चेखवची बायको ही तिची सख्खी आत्या. ओल्गाने चेखवच्या पुतण्याशी, मिखाईलशी लग्न केलं. संसार लवकरच मोडला, पण आडनाव तिने जन्मभर सोडलं नाही. म्हणजे गंमत बघा, वंशाने जर्मन असलेली ही बाई बर्लिनमध्ये खपली ती ‘रशियन’ म्हणून! स्तानिस्लाव्हस्कीकडे शिकल्याचंही ती सांगायची. तिचे चरित्रकार अँटनी बीव्हर यांना ते पटत नाही.

1921 मध्ये मुर्नाऊच्या मूकपटातून तिची सुरुवात झाली. पुढे बोलपट आले, तेव्हा परके उच्चार अनेकांना नडले. हिचे मात्र पडद्यावरच्या परदेशी, श्रीमंत बायकांना शोभून दिसले.

तिचं एकच काम बघायचं असेल, तर मॅक्स ओफ्युल्सचा ‘लीबेलाय’ (1933) बघा. त्यात ती एका तरुण लेफ्टनंटशी संबंध असलेली बॅरोनेस आहे. सगळी सहानुभूती माग्दा श्नायडरच्या साध्याभोळ्या नायिकेला मिळते, आणि चेखोवाला मोजकेच प्रसंग. पण त्यात ती काहीच ‘करत’ नाही, हेच मला आवडतं. पुढे द्वंद्वात तो तरुण मरतो तो हिच्यापायी, आणि सिनेमा तोवर तिला सोडून पुढे गेलेला असतो.

ओफ्युल्स ज्यू होता. त्याच वर्षी त्याला देश सोडावा लागला, सिनेमाच्या श्रेयनामावलीतून त्याचं नावही काढून टाकलं. चेखोवा राहिली. 1936 मध्ये तिला सरकारी किताब मिळाला, 1939 च्या एका मेजवानीतल्या फोटोत ती हिटलरच्या शेजारी बसलेली दिसते.

ती सोव्हिएत हेर होती का, याभोवती बीव्हर यांनी 2004 मध्ये अख्खं पुस्तक लिहिलं. तिचा भाऊ, संगीतकार लेव्ह क्निपर, त्यांच्या गुप्तहेर खात्यासाठी काम करायचा, आणि 1945 मध्ये तिला चौकशीला मॉस्कोला नेऊन परत पाठवलं, हे खरं. पण खरं सांगू? मला हा प्रश्न सोयीचा वाटतो. हेर ठरली की ती एकदम रंजक होते, आणि काम मिळतंय म्हणून गप्प राहिलेली नटी नजरेआड जाते. ‘आपण इथे कामापुरते आलोय, यांच्या राजकारणाशी आपल्याला काय करायचंय’ हे मीही व्हिसाच्या मुदतीकडे बघत म्हटलंय. तुम्हीही म्हटलं असेल.

1952 मध्ये तिचं आत्मचरित्र आलं. नाव: ‘मी काहीही लपवत नाही!’ उद्गारचिन्ह तिचंच. तीन वर्षांनी तिने म्युनिकमध्ये सौंदर्यप्रसाधनांची कंपनी काढली. तिलाही नाव अर्थातच चेखोवा.